भाच्याला टॅरंटुला पाळायचाय (आणि तोही ‘पोकी’!)

बिंबली

मंडळी, मदत हवी आहे. बहिणीचा मुलगा, वय सोळा, मडगावात राहतो. दहावीची परीक्षा संपल्यापासून एकच धोशा लावलाय, टॅरंटुला (तो मोठा केसाळ कोळी) पाळायचा. त्यातही साधा चालणार नाही, पीसिलोथेरियाच हवा. (हा शब्द मला झोपेतही म्हणता येतो, इतक्यांदा ऐकलाय. ही मुलं त्याला लाडाने पोकी म्हणतात.) इन्स्टावर कोणीतरी पिल्लू विकतंय, अडीच हजार रुपये, कुरियरने घरपोच. फोटो पाहिले. दिसतो देखणा, हे कबूल. राखाडी अंगावर काळ्यापांढऱ्या रेषांची नक्षी, पाय पसरून सालीला असा चिकटलेला की आधी साल दिसते आणि मग कोळी.

बहिणीने जाहीर केलंय, घरात तो तरी राहील नाहीतर मी. भाच्याचं म्हणणं, कुत्रा नको म्हणालात, मांजर नको म्हणालात, हा भुंकत नाही, सोफा ओरबाडत नाही, आठवड्याला दोन रातकिडे खातो, आता हरकत काय? निवाडा मावशीकडे आलाय. सत्तरी तालुक्यात आमच्या बाबांचं कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आहे, तिथे लहानपणी केसाळ कोळी पाहिलेत, तेवढंच माझं ज्ञान. चावतात का? किती जगतात? गोव्याच्या पावसात टिकतात का? इथे कोणी पाळलाय का?

सुशेगाद

ताई, आधी विचारा कोळी भाडं किती देणार. आमच्या पोटमाळ्यावर दोन टॅरंटुला वर्षानुवर्षं फुकट राहतायत.

बाकी वाचतोय.

सत्तरीकर

सुशेगाद, तुमच्या पोटमाळ्यावरचे भाडेकरू टॅरंटुला नसावेत. चपटे, तपकिरी, भिंतीवर खेकड्यासारखे आडवे पळतात ना? कधी पोटाखाली पांढरी गोल चकती धरून फिरतात? ती अंड्यांची पिशवी. हा हंट्समन. गोव्यातल्या दर दुसऱ्या जुन्या घरात असतो, जाळं विणत नाही, झुरळं खातो. त्याच्याकडून भाडं घेऊ नका, उलट पगार द्या.

खरा टॅरंटुला जाडजूड, अंगभर केस, आणि घरात क्वचितच शिरतो. शिरला तर तो बहुधा पावसाळ्याच्या आगेमागे मादी शोधत भटकणारा नर. पश्चिम घाटात बिळात राहणारे आहेत, थ्रिग्मोपिअस, चिलोब्राकिस, हॅप्लोक्लास्टस वगैरे. बिंबलीताईंनी कुळागरात पाहिलेले यातलेच कोणी असतील, पण फोटोवरूनही जात ठामपणे सांगता येत नाही, तेव्हा आठवणीवरून मी सांगणार नाही. पीसिलोथेरिया मात्र झाडावरचे. ढोलीत, सुटलेल्या सालीमागे राहतात. साधारण पंधरा जाती, आणि सगळ्या मिळून दोनच देशांत, भारत आणि श्रीलंका.

अष्टपाद

पुण्यात असताना सहा वर्षं टॅरंटुला पाळले, त्यात एक पोकी होता. २०१२-१३ ची गोष्ट. तेव्हा ते कायद्याच्या कुठल्या यादीत नव्हते. आता आहेत, त्यावर इथले कायदेपंडित बोलतीलच. मी पाळण्यापुरतं सांगतो.

आधी भाच्याच्या बाजूने. सांभाळायला टॅरंटुलाइतका सोपा प्राणी नाही. फूटभर उंचीचा काचेचा डबा, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशी भोकं, तळाला कोकोपीट, झाडावरचा असेल तर उभी लावलेली साल, बाटलीच्या झाकणात पाणी. पिल्लू असताना आठवड्याला एक-दोन बारके रातकिडे, मोठा झाला की दहा-पंधरा दिवसांनी एक. कधीकधी दोन-तीन महिने काहीच खात नाही. तो मजेत असतो, मालक वाळतो.

पण मुलाने गट भलताच निवडलाय. टॅरंटुलांची ढोबळ दोन खानदानं. अमेरिका खंडातले ते न्यू वर्ल्ड, आणि आशिया-आफ्रिकेतले ओल्ड वर्ल्ड. अमेरिकेतल्या पुष्कळ जातींच्या पोटावर खाजरे केस असतात. डिवचलं की मागच्या पायाने केस झाडतात, आपण खाजवत बसतो, भांडण मिटतं. खाजकुयलीच समजा. आपल्याकडच्यांना हे हत्यारच दिलेलं नाही. पळणं किंवा चावणं, दोनच गोष्टी येतात, आणि पोकी दोन्हींत तरबेज.

माझा किस्सा सांगतो. लहान बरणीतून मोठ्या डब्यात हलवत होतो. मऊ ब्रशने मागून हळूच टेकवायचं, तो चार पावलं पुढे सरकतो, असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो ब्रशवरूनच उलट आला. मला दिसलं ते एवढंच, बरणीत कोळी होता आणि आता मनगटावर आहे. पुढच्या क्षणाला तिथेही नव्हता. चार दिवस घरभर शोधला. बायको माहेरी गेली. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमागे सापडला, चक्क एकादशीच्या पानाआड. प्लास्टिकचा डबा वर धरून खाली पुठ्ठा सरकवताना बोट मध्ये आलं. पुढचे पाय उचलून त्याने खालचा पिवळाजर्द रंग दाखवला होता, ती शेवटची सूचना होती. मी ती ‘काय सुंदर दिसतोय’ म्हणून पाहत राहिलो.

चावला तेव्हा सुई टोचल्यासारखं वाटलं. तासाभरात हात कोपरापर्यंत पेटला. ते सोसलं. खरी गंमत दुसऱ्या रात्री, चावा बोटाला आणि पेटके पोटऱ्यांत! मग पाठीत, मग बरगड्यांत. तीन दिवसांनी बरा झालो म्हणून ऑफिसात गेलो, तर नवव्या दिवशी जिना चढताना पुन्हा मांडी आवळून आली.

आणि हो, तो मला ‘मादी’ म्हणून विकला होता. मादी दहा-बारा वर्षं जगते, म्हणून जास्त पैसे मोजलेले. दोन वर्षांत बाईसाहेब वयात येऊन नर निघाल्या, काही महिने डब्यात येरझाऱ्या घातल्या आणि गेल्या. पिल्लू बोटाच्या नखाएवढं असताना नर-मादी कोणालाच सांगता येत नाही. पुढे टाकलेली कात पाण्यात भिजवून, उलगडून, भिंगाखाली पाहावी लागते. त्यामुळे पिल्लू ‘गॅरंटीड मादी’ म्हणून विकणारा भेटला तर समजून घ्या.

बिंबली

बापरे. एकादशीच्या पानाआड! बहिणीला हा प्रतिसाद दाखवणार नाही. भाच्याला दाखवला, तर म्हणतो, “मी लांब चिमटा वापरीन.”

अष्टपाद, अमेरिकेतला घेतला तर?

अष्टपाद

पहिला म्हणून तोच बरा. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा ब्रॅकिपेल्मा प्रसिद्ध आहे, संथ, जमिनीवरचा, दिवसभर दगडासारखा बसून. पण मादी वीस-पंचवीस वर्षं जगते. भाचा इंजिनीअरिंगला बाहेर जाईल, नोकरीला लागेल, लग्न करील, आणि ती मडगावात तुमच्या बहिणीच्या हॉलमध्ये तशीच बसलेली असेल.

हातावर घ्यायचा नाही, हे दोन्हींना लागू. चावेल म्हणून सांगत नाही. टॅरंटुलाचं पोट म्हणजे पाण्याने भरलेला फुगा. दोन फुटांवरून फरशीवर पडला तरी फुटतो, आणि फुटला की संपला. त्याला कुरवाळणं कळत नाही, माणूस म्हणजे त्याच्या लेखी कोमट फांदी.

पावसाचं विचारलं होतंत. पुण्यात आम्ही फवारे मारून ओल टिकवायचो. गोव्यात जून ते सप्टेंबर उलट काळजी, डब्यात बुरशी धरते, उरलेल्या रातकिड्यावर बारीक पांढरे किडे होतात. खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी उचलून टाकायचं. आणि मुंग्या. कात टाकताना टॅरंटुला उताणा पडतो, पाय वर. नवखे मेला समजून त्याला सुलटा करतात आणि तिथेच मारतात. त्या काही तासांत तो लोण्यासारखा मऊ असतो. एवढ्यात मुंग्यांची रांग लागली तर सकाळी रिकामं कवच उरतं.

सत्तरीकर

मुंग्यांवर आमच्या आजीचा उपाय, जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. गुळासाठी चालायचा, कोळ्यालाही चालेल.

कडू काढा

पेशाने डॉक्टर आहे, म्हणून दोन शब्द.

टॅरंटुला चावून माणूस दगावल्याची खात्रीची नोंद नाही. २०१२ मध्ये आसामात सदियाला मोठी घबराट पसरली होती, कोळ्यांनी माणसं मारली म्हणून बातम्या आल्या. ते मृत्यू कोळ्याच्या विषानेच झाले हे काही सिद्ध झालं नाही. आधी मांत्रिकाकडे नेऊन जखमा चिरल्या होत्या, हेही त्याच बातम्यांत होतं.

पण ‘मरत नाही’ म्हणजे ‘काही होत नाही’ असं नाही. अष्टपाद यांनी वर्णन केलेले पेटके पीसिलोथेरियाच्या चाव्यात ठरलेले आहेत, उशिरा येणारे आणि परत फिरणारे. यावर प्रतिविष नाही. आपल्याकडे मिळतं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी, ते कोळ्याच्या चाव्याला द्यायचं नसतं. जखम साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन, वेदनाशामक, गरज पडली तर स्नायू सैल करणारं औषध आणि दवाखान्यात देखरेख. चिरणं, चोखणं, करकचून बांधणं, यातलं काहीही नको. घरात लहान मूल किंवा हृदयविकाराचं माणूस असेल तर मी पोकीला सरळ नाही म्हणेन.

आणि अमेरिकेतल्यांचे खाजरे केस फक्त खाजरे नसतात. डोळ्यात गेले तर बुबुळात रुततात, डोळा महिनोन्महिने धुमसतो. डबा साफ करायला चष्मा, आणि मग हात धुतल्याशिवाय डोळे चोळायचे नाहीत. सोळा वर्षांच्या मुलाकडून ही शिस्त होईल? माझ्या मुलाकडून जेवणाआधी होत नाही.

पिंपळपान

अवांतर: ‘टॅरंटुला’ हे नाव इटलीतल्या तारांतो गावावरून पडलं, आणि मुळात ते एका लांडग्या कोळ्याचं नाव. तो चावला की वेड्यासारखं नाचावं लागतं अशी समजूत होती, तारांतेल्ला नाच त्यातलाच. पुढे युरोपीय लोक अमेरिकेत गेले, केसाळ कोळी दिसले, त्यांना तेच नाव चिकटवलं. आणि पीसिलोथेरिया म्हणजे ग्रीकमध्ये ‘ठिपकेदार श्वापद’. आपण बिबट्याला चित्ता म्हणतो तशातलीच गत.

तळटीप

इतके प्रतिसाद झाले आणि मुख्य गोष्ट कोणी बोललं नाही, म्हणून.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात साइट्सची (संकटातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) बैठक झाली, तीत पीसिलोथेरियाचं अख्खं घराणं परिशिष्ट दोनमध्ये घेतलं. ब्रॅकिपेल्मा तिथे आधीपासूनच होता. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात भारतीय टॅरंटुला कुठल्याच अनुसूचीत नव्हते, ही जुनी पळवाट. २०२२ च्या दुरुस्तीने ती बुजवली. १ एप्रिल २०२३ पासून साइट्सच्या यादीतल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची चार आहे, आणि कलम ४९एम प्रमाणे असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद करायची आहे. नियम २०२४ मध्ये आले, नोंदणी पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते.

म्हणजे ताई, इन्स्टावाल्याला एकच विचारा, “याचे कागद कुठे आहेत?” मी पैज लावतो, तो ब्लॉक करील.

बिंबली

तळटीप, भाच्यानेच विचारलं. उत्तर आलं, “भावा, कोळ्याला कसले कागद.” पुन्हा विचारलं, तर ब्लॉक. पैज जिंकलात.

सत्तरीकर

कागद का हवेत, ते एका कोळ्यावरून सांगतो. पीसिलोथेरिया मेटॅलिका, गडद निळा, मोरपिसासारखा. १८९९ मध्ये पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नोंदवला तो आंध्रातल्या गुत्तीच्या रेल्वे यार्डात लाकडांमध्ये मिळालेल्या एकुलत्या एका मादीवरून. पुढे शंभर वर्षं कोणाला दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा सापडला, गुत्तीपासून शंभरेक किलोमीटर दूर. म्हणजे पहिली बाई बहुधा लाकडाबरोबर मालगाडीने आली होती. जंगलाचा तेवढाच तुकडा, शंभर चौरस किलोमीटरहून लहान, हेच तिचं जग. आणि पुन्हा सापडल्यावर थोड्याच वर्षांत परदेशी दुकानांत तिची पिल्लं विकायला होती. ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे.

मोठी जुनी झाडं तोडली की ढोली जाते, ढोली गेली की कोळी जातो. उरलेल्या ढोलीत कोणी तार घालून मादी ओढली, तर तिच्यासोबतची पिल्लंही जातात, कारण यांची पिल्लं बरेच दिवस आईजवळच राहतात.

नवखा७

मस्त धागा. ताई, सत्तरीत तुमचं कुळागर नक्की कुठे? बिळं किती आहेत? लोकेशन व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना, फक्त फोटो काढायचेत.

सत्तरीकर

ताई, करू नका. नवखा७, राग मानू नका, तुम्ही फोटोच काढाल. पण अशाच एका फोटोखाली गावाचं नाव होतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथल्या दरडीला कुदळीने पाडलेली सात भोकं मी मोजली आहेत. कोळ्याच्या फोटोला तालुका पुरतो.

नवखा७

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

बिंबली

धागा वर काढतेय. चतुर्थी झाली, निवाडाही झाला, थोडासा.

दरवर्षीप्रमाणे सगळे बाबांच्या घरी जमलो. माटोळीला (गणपतीवरच्या लाकडी चौकटीला) बांधायला बाबा रानातून कांगलं, कवंडळं, कसली कसली फळं आणतात. या वेळी भाचा सोबत गेला. परत आला तो धावतच. पाटाच्या वरच्या जांभ्याच्या दरडीत बीळ दिसलं होतं. बाबा शांतपणे माटोळीला सुपारीचा घड बांधत म्हणाले, “हो, ती तिथेच असते. तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून तिथे कोणी ना कोणी असतंच.”

रात्री आरती झाल्यावर निघालो. सत्तरीकरांनी व्यनितून सांगितलं होतं तसं टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळला, पावलं हलकी टाकली (जमीन हादरली की आत जातात). बहीण छत्री धरून मागे, “मी फक्त मुलाला सोबत म्हणून आलेय” असं चारदा सांगत. बीळ लहान मुलीच्या बांगडीएवढं. तोंडाला आतून पांढऱ्या रेशमाचं अस्तर, काठावर दोन सुकलेली पानं त्याच रेशमाने शिवलेली. आधी काहीच दिसेना. मग लक्षात आलं, काठावर जी चार काळी बोटं टेकलीयत ती मुळं नाहीत.

वीस मिनिटं बसलो. पोफळीवरून पाणी टपकत होतं, डास फोडून खात होते. एक भुंगेरा काठाने चालत आला, सहज, आपल्याच तंद्रीत. त्याचा एक पाय रेशमाला लागला. पुढचं मला सांगता येणार नाही, कारण दिसलंच नाही. भुंगेरा नव्हता आणि एक खडा दरडीवरून घरंगळत खाली येत होता, एवढंच. भाच्याच्या तोंडून शब्द नाही. बहीण हळूच म्हणाली, “आणि हे तू हॉलमध्ये ठेवणार होतास?” पण उठली नाही ती, अजून दहा मिनिटं बसली.

पोकी रद्द. न्यू वर्ल्डचा हट्ट शिल्लक आहे, कागदांसकट आणि पाण्याच्या वाट्यांसकट. बहीण ‘बारावीनंतर बघू’वर आलीय, म्हणजे पूर्वीच्या मानाने बरीच सरकली. तूर्त त्याने वही केलीय. बाबा रोज रात्री फोनवर हजेरी देतात, किती पाय बाहेर, पाऊस किती, आणि हा लिहून घेतो.

आता प्रश्न. चार दिवस झाले, बिळाचं तोंड बंद आहे. रेशमाचा पडदा आणि त्यावर माती. बाबांना वाटतं पावसाने बुजलं. भाचा घाबरलाय. उकरून पाहू का?

अष्टपाद

अजिबात नको! पडदा आतूनच विणलेला असणार. कात टाकत असेल किंवा अंडी धरून बसली असेल. दोन आठवडे लागतील, जास्तही. वहीत ‘दार बंद’ लिहा.

सुशेगाद

म्हणजे भाडेकरूने पाटी लावली, भेटण्याची वेळ नाही.

बिंबली

‘दार बंद’ लिहिलं. बाबांनी बिळाच्या दोन्ही बाजूंना एकेक चिरा ठेवलाय, नारळ काढायला येणाऱ्या पाडेल्याचा पाय चुकून पडू नये म्हणून. पाडेली विचारतोय, इथे कोणता देव बसवलात?